कॅमेऱ्यावर आलेलं बोट

गावाचं नाव मी लिहिणार नाही. जयपूरजवळच्या बगरूच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. नाव लपवते आहे ते गावाच्या अब्रूसाठी नाही, माझ्या अब्रूसाठी.

नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली तेव्हा मी पुण्यातली नोकरी सोडली. बारा वर्षं उन्हातान्हात, डोक्यावर हेल्मेट घालून कंत्राटदारांशी भांडलेली सिव्हिल इंजिनीअर बाई एकदम घरात येऊन बसली. पहिली दोन वर्षं मी सगळा राग भाजीवर आणि मुलीवर काढला. मग एका खाजगी कंपनीत काम मिळालं, तेही घरबसल्या. लांबच्या खेड्यांतल्या अंगणवाड्या, शाळेच्या खोल्या, दवाखान्याची उपकेंद्रं यांची सुरक्षा तपासणी व्हिडिओ कॉलवर करायची. तिकडे गावात कुणीतरी फोन धरून खोलीभर फिरायचं, इकडे मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बघायचं. पाया, भिंती, छत, दारं, वीज. बारा फोटो घ्यायचे, रकाने भरायचे आणि खाली तीनपैकी एक शेरा मारायचा: सुरक्षित, दुरुस्ती आवश्यक, वापर बंद.

काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणते. ज्या गावात इंजिनीअर कधी फिरकलाच नव्हता, तिथं निदान माझे डोळे तरी पोचत होते. एका शाळेची मागची भिंत बाहेर झुकलेली मी इथं बसून ओळखली आणि दोन दिवसांत ती खोली बंद झाली. त्या दिवशी मी संध्याकाळी गोडाचा शिरा केला. नवरा म्हणाला, "खुर्चीवरच्या इंजिनीअरबाई, अभिनंदन." मला राग आला नाही, उलट आवडलं. मुलगी तेव्हा आठवीत होती. ती आपल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाली, "मतलब आई, तू जागेवर न जाताच पास-नापास करतेस? आमच्या सरांना सांग ना, पेपर न बघताच मार्क द्या." मी तिला गप्प बसवलं. पण तिला हसू आलं, तसं मलाही आलं.

हळूहळू मी भराभर कामं उरकायला लागले. आमच्या कंपनीत इतर लोक दिवसाला चार तपासण्या करत, मी सात करायचे. साहेब सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायचे. या सात तपासण्यांच्या आड एकच गोष्ट यायची, ती म्हणजे फोन धरणारी माणसं. कुणी पाय दाखवायचं, कुणी पंखा. कुणी फोन उलटा धरून स्वतःचंच नाक. "छत दाखवा" म्हटलं की आभाळ दाखवायचे. मी जात्याच तापट. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, नंतर नंतर नुसते हुकूम सोडायचे: आगे चलो, ऊपर करो, सीधा पकड़ो, जल्दी. घरात कामवालीशी मी कधी तशा आवाजात बोलले नव्हते. स्क्रीनवरच्या माणसाशी बोलताना मात्र आवाज आपोआप तसा व्हायचा.

त्या गावातली अंगणवाडी एका घरातल्या मोठ्या, भाड्याच्या खोलीत भरायची. घरमालक म्हातारा, पण ताठ, पांढरी मिशी, डोक्याला लाल फेटा. त्याचीच सून अंगणवाडीची सहायिका होती, म्हणजे मुलांना आणणं-पोचवणं, झाडलोट, दलिया शिजवणं हे तिचं काम. मुख्य ताई त्या दिवशी कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या, म्हणून फोन सहायिकेच्या हातात होता. कॉल लागला तेव्हा क्षणभर मला फक्त एक पिवळी ओढणी दिसली, हनुवटीपर्यंत ओढलेली. सासरा खोलीतच उभा होता, म्हणून घूंघट. आणि सासऱ्यासमोर तोंडातून आवाजही काढायचा नाही. इकडच्या खेड्यांत ही रीत अजून कितीतरी घरांत पाळतात, मला ती ठाऊक होती. म्हणजे माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर सासराच देणार होता.

"दीवार में कहीं दरार है?"

"ना जी, सब ठीक है."

"छत टपकती है?"

"ना जी. पुराने लोगां का काम है, पक्का है."

आपल्याकडे छत म्हटलं की काँक्रीटचा स्लॅब डोळ्यांसमोर येतो. जयपूरच्या आसपास खेड्यांत अजून दगडाची छतं आहेत. दहा-दहा फुटांच्या लांब पट्ट्या या भिंतीवरून त्या भिंतीवर शेजारीशेजारी ठेवायच्या, फटी बुजवायच्या, वर थर द्यायचा. उन्हाळ्यात खोली थंड राहते. पण दगड वाकत नाही. काँक्रीट पडण्याआधी खूप दिवस कुरकुरतं. ते झुकतं, पापुद्रे टाकतं, गंजक्या सळ्या दाखवतं. दगडाची पट्टी तसं काही करत नाही. खालच्या अंगाला एक आडवी बारीक रेघ उमटते, तेवढीच. मग एक दिवस ती मधोमध तुटते. हे मला चांगलं माहीत होतं. कामावर घेतलं तेव्हा मी ते आठवडाभर वाचून काढलं होतं, परीक्षेत मार्कही मिळवले होते. म्हणून अज्ञानाची सबब मला नाही.

ती बाई खोलीत फिरू लागली. फोन चांगला धरला होता तिने, हे आता म्हणते. भिंती दाखवल्या, दार दाखवलं, विजेचा बोर्ड दाखवला. मग छत. आणि छतावरून सरकता सरकता कॅमेरा एका कोपऱ्यात जाऊन थांबला. मला वाटलं, अडकली. "आगे चलो," मी म्हटलं. ती पुढे गेली, वळली आणि कॅमेरा पुन्हा त्याच कोपऱ्यात आला. मी घड्याळ पाहिलं. पुढचा कॉल चार मिनिटांवर होता. "भाभीजी, वो हो गया. सीधा पकड़ो फोन, हिलाओ मत." फोन हलत नव्हता. तो अगदी स्थिर होता, त्या कोपऱ्यावर रोखलेला. सासरा मागून म्हणाला, "बींदणी नै फोन को कोनी बेरो, मैडमजी." सुनेला फोनमधलं कळत नाही, असं. मी हसले. त्याच्याशी सहमत झाल्यासारखी हसले.

ती दाराकडे गेली, आता संपलं असं मला वाटलं आणि पुन्हा मागे आली. या वेळी स्क्रीनवर एक बोट आलं. मेंदी उतरत चाललेलं, नखाशी हळदीचा डाग असलेलं.

"उंगली हटाओ," मी ओरडले. "कैमरे पर उंगली आ रही है."

बोट हटलं. मग ती बाई मी म्हणेन तशी चालली. बारा फोटो झाले. मी शेरा मारला: सुरक्षित.

आठवडाभराने आमच्या मराठी मंडळात गणपती होते. दुपारी बायका मोदक करत बसल्या होत्या. मला नकला चांगल्या जमतात. मी पोळपाट हातात धरला, कुणाची तरी ओढणी तोंडावर घेतली आणि फोन धरणारी भाभी करून दाखवली. पोळपाट या कोपऱ्यात, पुन्हा त्याच कोपऱ्यात, आणि मध्येच समोर आलेलं बोट. बायका हसून लोटपोट झाल्या. एकीच्या हातातला मोदक फुटला. "अजून एकदा," म्हणाल्या. मी अजून एकदा केली.

दिवाळीनंतर साहेबांचा फोन आला. अंगणवाडीच्या छताची पट्टी पडली होती. मुलं? मी विचारलं. मुलांना काही झालं नव्हतं. सहायिकेच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ती कोपऱ्यातलं दलियाचं पोतं ओढायला गेली आणि पट्टी तुटली. "तुमचा शेरा 'सुरक्षित' असा आहे," साहेब म्हणाले. "दोन ओळींत स्पष्टीकरण पाठवा. रेकॉर्डिंग आपल्याकडेच आहे, ते कुणी मागितलेलं नाही."

मी अंगणवाडीच्या ताईंना फोन लावला. त्या रडत होत्या आणि देवाचे आभारही मानत होत्या. म्हणाल्या, बरं झालं, मुलं तिकडे नव्हतीच. गेले दोन-अडीच महिने सहायिका मुलांना दाराकडच्या अर्ध्या खोलीतच दाटीवाटीनं बसवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, इधर हवा आती है. आम्ही तिची थट्टा करायचो, मैडमजी, भाद्रपदात कसली हवा. हे सगळं व्हिडिओवाल्या तपासणीनंतर सुरू झालं, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांना त्याचा अर्थ लागला नव्हता. मला लागला.

मी रेकॉर्डिंग लावलं. मुलगी शाळेत होती, नवरा बँकेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फक्त माझा आवाज ऐकला. असा आवाज माझ्याशी कुणी काढला असता तर मी फोन आपटला असता. दुसऱ्यांदा कोपऱ्यावर थांबवून पाहिलं. पट्टीच्या खालच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ होती, आणि तिच्या शेजारी ओल. तिसऱ्यांदा बोट आलं तिथं थांबवलं. ते कॅमेऱ्यावर आलेलंच नव्हतं. ते रेघेच्या बरोबर खाली होतं आणि रेघेच्या दिशेनं थोडं पुढे-मागे होत होतं, लहान मुलाला अक्षर दाखवताना करतात तसं. तोंड बंद ठेवून जेवढं बोलता येतं, तेवढं ती बाई बोलली होती. आणि मी तिला म्हटलं, उंगली हटाओ.

शरमेनं माझे कान तापले होते. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता साहेबांना फोन करावा. मग मी उठून चहा केला. चहा पिता पिता मनात दुसरी गोष्ट सुरू झाली. या वयात इतक्या खटपटीनं मिळालेलं काम. मंडळातल्या बायका. नवऱ्याचं ते "खुर्चीवरच्या इंजिनीअरबाई". चहा संपेपर्यंत मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि लिहिलं होतं: "तपासणीच्या वेळी फोन धरणाऱ्या व्यक्तीने कॅमेरा योग्य प्रकारे हाताळला नाही. वारंवार बोट समोर आल्याने सदर भाग स्पष्ट दिसू शकला नाही." वाक्य चांगलं जमलं होतं. मी ते परत वाचलं, "वारंवार" हा शब्द काढून पुन्हा घातला आणि पाठवून दिलं.

रात्री जेवताना मी पट्टी पडल्याचं सांगितलं, तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "पण दिसत होतं का तुला?"

"धूसर," मी म्हटलं. त्यालाही खोटंच.

पंधरा दिवसांनी ताईंचा पुन्हा फोन. सहायिकेला नोटीस आली होती. तपासणीत निष्काळजीपणा केला, खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू. नोटिशीत माझीच वाक्यं हिंदी करून घातली होती. ताई म्हणाल्या, "मैडमजी, वो तो बड़ों के सामने बोलती ही नहीं है, खुलासा क्या देगी?"

त्या शनिवारी मी घरी सांगितलं की बगरूला छापाच्या चादरी आणायला जाते. टॅक्सी केली. आणि लाज वाटते सांगायला, पण बगरूला थांबून मी खरंच दोन चादरी घेतल्या, निळ्या की मातकट यावर घासाघीसही केली. खोटं बोलायचं तर ते पक्कं असावं, ही माझी शिस्त. दुकानातून निघून गावापर्यंतच्या रस्त्यात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. चूक माझी होती. तिनं दाखवलं होतं. मी लेखी देते. तीन छोटी वाक्यं, हिंदीत तर अजून सोपी.

सासऱ्यानं मला ओळखलं आणि त्याचा चेहराच उजळला. शहरातून मॅडम आली. खाट झटकली, वर नवी सतरंजी, पितळेच्या पेल्यात पाणी. दोन शेजारी येऊन बसले. अंगणवाडी आता शाळेच्या व्हरांड्यात भरत होती. मोडकी खोली पलीकडेच होती, दाराला बाभळीच्या काट्या लावून बंद केलेली. मी तिकडे पाठ करून बसले. तोंड उघडणार, एवढ्यात त्यानेच हात जोडले.

"मैडमजी, हमारी वजह से आपका नाम खराब हुआ," तो म्हणाला. "बींदणी से फोन पकड़ना नहीं आया. आप इतना समझा रहे थे, मैं सुन रहा था. इसको अक्कल नहीं है." मग आत पाहून त्यानं हाक मारली. ती आली. तीच पिवळी ओढणी, उजवा हात गळ्यात बांधलेला. "माफी मांग मैडमजी से," सासरा म्हणाला.

ती वाकली. डाव्या हातानं माझ्या पायांना शिवली. बसलेले शेजारी माझ्याकडे पाहत होते. मी काय म्हणते याची सगळे वाट बघत होते, आणि मला माझी तीन वाक्यं पाठ होती.

"कोई बात नहीं," मी म्हटलं.

मी तिला माफ केलं. असंच झालं ते, त्याला दुसरा शब्द नाही. सासऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि तो चहा सांगायला लागला.

थोड्या वेळानं मी हात धुवायच्या निमित्तानं आत गेले. ती चुलीपाशी होती. पुरुष बाहेर असल्यानं तिनं ओढणी मागे सारली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच लहान होती, सव्वीस-सत्तावीसची असेल. गाल बसलेले, डोळे मात्र थेट. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घोगरा होता.

"मैडमजी, एक बात पूछूं? आपको दिखी थी ना, लकीर?"

मी तांब्यातलं पाणी हातावर ओतत राहिले.

"मैंने सोचा, मैं बोलूंगी तो घर में सब मेरे पीछे पड़ेंगे कि कमरा बंद करवा दिया. आप बोलोगी तो कोई कुछ नहीं कहेगा. इसलिए बार-बार दिखा रही थी." डाव्या हाताचं बोट तिनं नकळत वर केलं आणि खाली घेतलं. "फिर नोटिस आया तो लगा, शायद मुझसे ही ठीक से दिखाया नहीं गया. रात-दिन यही सोचती हूं. दिखी थी क्या?"

"हां," मी म्हटलं. "दिखी थी. तुमने ठीक दिखाया था. गलती मेरी थी."

हे मी अगदी हळू म्हटलं, बाहेर ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

तिचा चेहरा एकदम सैल पडला. डोळे भरून आले. माझ्यावर रागावण्याचं तिच्या मनातही आलं नाही. तिला इतकं बरं वाटलं होतं की ती हसली. "तो फिर बाहर बोल दोगे?" ती म्हणाली. "बस इतना ही. बापूजी के सामने एक बार बोल दो. मैं तो नहीं बोल सकती."

"हां, बोल देती हूं," मी म्हटलं.

मी बाहेर आले. चहा तयार होता. सासरा, दोन शेजारी, टॅक्सीचा ड्रायव्हर. चौघांत मला न ओळखणारे तिघे. त्यांच्यापैकी कुणाचीही मला भीती बाळगायचं कारण नव्हतं. मी चहा प्यायले. चांगला झाला होता, आलं घातलेला. सासऱ्यानं बाजरीच्या पिठाची पिशवी टॅक्सीत ठेवली, नको नको म्हणताना ठेवली. सून आतल्या दारात येऊन उभी राहिली होती, ओढणी पुन्हा हनुवटीपर्यंत. तोंड दिसत नव्हतं, पण वळलेली माझ्याकडे होती. वाट बघत होती.

"अच्छा जी, चलती हूं," मी म्हटलं आणि गाडीत बसले.